काचेआडची दुलई

मित्रांनो, मी एक जुनी दुलई आहे. दुलईची जागा कुठे असते हे मी तुम्हाला सांगायला नको. अंगाखाली, नाहीतर अंगावर, फार तर दुपारच्या उन्हात दोरीवर. मी मात्र एका बालवाडीच्या भिंतीवर आहे, लाकडी चौकटीत, काचेच्या आड, चार खिळ्यांनी पक्की केलेली. माझ्याखाली एक सुबक पाटी आहे. येणारे-जाणारे ती पाटी वाचतात, 'वा' म्हणतात आणि पुढे जातात. मला हात लावायची कोणालाच परवानगी नाही. एवढा मान माझ्या सात पिढ्यांत कुठल्या दुलईला मिळाला नसेल, आणि देव करो, पुढेही कोणाला न मिळो.

तुम्ही लहान आहात, आणि लहानांना गोड गोष्टी सांगाव्यात अशी रीत आहे. माझ्याकडे गोड असे थोडेच उरले आहे. ते आधी सांगते, म्हणजे पुढचे ऐकवेल.

माझा जन्म एका शिंप्याच्या दुकानात झाला. दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. तिथे एक पायमशीन, एक इस्त्री, एक लांब टेबल आणि टेबलाखाली चिंध्यांचे पोते होते. कोटाला आतून लावायचे अस्तर उरले की शिंपी तो तुकडा पोत्यात टाकत असे. त्याच्या बायकोला दिवस गेले तेव्हा त्याने ते पोते जमिनीवर उपडे केले आणि हाताला लागेल तो तुकडा दुसऱ्याला जोडत गेला. माझा हिरवा तुकडा एका वकिलाच्या कोटातला आहे. तपकिरी तुकडा एका बँडवाल्याचा. मधली पिवळी पट्टी ज्या गिऱ्हाइकाच्या जाकिटासाठी आणली होती, तो गृहस्थ माप देऊन गेला तो पुन्हा फिरकलाच नाही. रंग निवडले वगैरे काही नाही, जे होते ते लावले. आत जुन्या गादीचा कापूस पिंजून भरला. एका कोपऱ्यात कापूस कमी पडला, तो कोपरा अजून चपटा आहे. शिंप्याच्या बायकोने मला उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाली की दिसायला दिव्यच आहे, पण ऊब चांगली देईल. हे माझे पहिले कौतुक. त्यानंतर पुष्कळ कौतुक झाले, पण त्यातले एवढेच खरे होते.

शिंप्याची बायको इस्पितळाच्या धुलाईघरात पाळीवर जायची, त्यामुळे बाळाला झोपवायचे काम शिंप्याच्या गळ्यात पडले. बिचाऱ्याला एक गाणे येत नव्हते. मशीन चालवण्याखेरीज दुसरे काहीच येत नव्हते. मग तो भिंतीला पाठ टेकून, पाय लांब करून बसायचा. पायांवर मला पसरायचा, माझ्यावर बाळाला आडवे करायचा आणि मशीनचे पायडल मारावे तसे पाय हलवायचा. तोंडाने खट-खट, खट-खट असा मशीनचा आवाज काढायचा. बाळ माझा चपटा कोपरा मुठीत धरायचे. एक बाही शिवून होईल तेवढ्या वेळात ते गाढ झोपलेले असायचे.

ते बाळ म्हणजे शिंप्याची मुलगी. ती मोठी झाली, तिचे लग्न झाले, तिलाही मुलगी झाली. तोवर शिंप्याची बायको हे जग सोडून गेली होती आणि आमचा शिंपी आता आजोबा झाला होता. नातीचे नाव काहीतरी छान ठेवले होते. पण ती दुकानभर रांगत जमिनीवरच्या टाचण्या आणि मणी वेचायची, म्हणून आजोबा तिला मुंगी म्हणू लागले आणि तेच चिकटले. बाहेरच्या माणसासमोर मुंगीच्या तोंडाला कुलूप असे. आजोबांच्या पायांवर, माझ्यावर पडली की मात्र तिची टकळी सुरू होई. कुठले मांजर दारात आले होते, कोणाचा कोट उसवला, सगळे सांगायची. सांगता सांगता शब्द लांबत जात, मूठ सैल होई, आणि आजोबा जरा वेळ उगाचच पाय हलवत राहत. मित्रांनो, माझे सुखाचे दिवस ते हेच.

मुंगीचे वडील जहाजावर असत, ते घरी कमी आणि पाकिटावरच्या पत्त्यात जास्त. घर आईच्या कमाईवर चाले. तिला दुसऱ्या शहरात एका मोठ्या हॉटेलात काम मिळाले, खोल्यांच्या चादरींना इस्त्री करायचे. दुकान सोडले, मशीन विकले, आणि आम्ही सगळे एका भाड्याच्या खोलीत येऊन राहिलो. त्या शहराची भाषा वेगळी होती. आमच्या घरची बोली तिथे कोणाला कळत नसे, आणि तिथली भाषा आजोबा मोडकीतोडकी बोलत. आपल्यासारखी आपली पोर मुक्याने इस्त्री फिरवत बसू नये असे आईच्या मनाने घेतले. म्हणून तिने मुंगीला या बालवाडीत घातले. इथून मुले शेजारच्या मोठ्या शाळेत जातात. बाहेरच्या मुलांना त्या शाळेत जागा मिळणे फार कठीण. तेव्हा मुंगीने इथे टिकावे, एवढे एकच मागणे आईचे होते. आजोबांचेही तेच.

बालवाडी चांगली आहे, मी खोटे बोलणार नाही. खिडक्या मोठ्या आहेत, खुर्च्या बुटक्या आहेत, जेवायच्या आधी सगळ्यांचे हात धुतात. जेवण झाले की पडदे ओढतात आणि निळ्या गाद्यांची रांग घालतात. ज्याने त्याने आपापल्या गादीवर, एका कुशीवर, डोळे मिटून, एकट्याने झोपायचे. पायांवर घ्यायचे नाही, थोपटायचे नाही, त्याने सवय लागते, असा मोठ्या बाईंचा नियम. मोठ्या बाई म्हणजे बालवाडीच्या प्रमुख. त्या वाईट नव्हत्या. माझ्या गोष्टीत कोणीच वाईट नाही, आणि तेच मला जास्त डाचते.

मुंगीला त्या गादीवर झोप येईना. अंगाखालची जागा हलत नाही असे तिच्या आयुष्यात कधी झालेच नव्हते. ती उठून बसे, पाय लांब करी आणि स्वतःच हलवू लागे. गाद्या घालणारी मावशी येऊन तिला पुन्हा आडवी करी. मग दुपारी मणी ओवताना मुंगीची मान खाली पडे. काही विचारले तर उत्तर नाही. तिच्या वर्गाच्या ताईला काळजी वाटू लागली. ताई तरुण होती, नुकतीच प्रशिक्षण घेऊन आली होती, आणि तिच्या अंगात उत्साह मावत नव्हता. तिने आजोबांना बोलावून विचारले की ही घरी कशी झोपते.

आजोबा दुसऱ्या दिवशी मला काखोटीला मारून आले. वर्गाच्या जमिनीवरच बसले, पाय लांब केले, मला पसरले, आणि मुंगीला घेऊन करून दाखवले. तोंडापेक्षा पायांनी त्यांना जास्त सांगता येत होते. ताई टक लावून पाहत होती. तिच्या डोळ्यांत पाणी आले, अगदी खरे सांगते. नियमामुळे तिला मुंगीला पायांवर घेता येत नव्हते. पण तिने मला निळ्या गादीवर पसरले, शेजारी बसली आणि टाचेने जमिनीवर हळूहळू ताल धरला. मुंगीने माझा चपटा कोपरा शोधला. थोडा वेळ तिने ताईच्या पायाकडे संशयाने पाहिले, ताल जरा चुकत होता ना. मग झोपली.

असे काही दिवस चालले. आणि एका दुपारी, झोप पूर्ण झालेली मुंगी मणी ओवत बसली होती, तिने ताईपुढे हात केला आणि तिथल्या भाषेत म्हणाली, "लाल दे." दोनच शब्द. ताई लाल मणी द्यायचे विसरून मावशीला सांगायला पळाली. संध्याकाळी आजोबांना सांगितले तर ते वर्गाच्या दारात मुंगीला उचलून उभेच राहिले. मला वाटले, झाले, पोर टिकली.

मग मोठ्या बाई फेरीवर आल्या. निळ्या रांगेत एकच रंगीबेरंगी दुलई आणि तिच्याशेजारी ताई पाय आपटत बसलेली, हे त्यांना काही रुचले नाही. त्या ताईला बाजूला घेऊन म्हणाल्या की एकीला दिले की सगळे मागतील, आज दुलई आली, उद्या कोणी आपल्या आत्यालाच घेऊन येईल. ताई घाबरली नाही. मुलाच्या घराला वर्गात जागा द्यायची असे प्रशिक्षणात शिकवतात ना, मग ही त्या मुलीच्या घरातली वस्तू आहे, असे तिने ठणकावून सांगितले. मोठ्या बाई विचारात पडल्या. बालवाड्या पाहणारे पाहुणे लवकरच येणार होते, आणि त्यांना नेमके हेच पाहायचे होते म्हणे.

"मग देऊ की जागा," मोठ्या बाई म्हणाल्या. "चांगली मानाची जागा देऊ."

ताईला वाटले आपण जिंकलो. तिने सगळ्या पालकांना घरातली एकेक वस्तू आणायला सांगितली. आजोबांकडेही तिने मला मागितले, फक्त पाहुणे येऊन जाईपर्यंत. ज्या ताईने नातीला झोपवले तिला नाही कसे म्हणणार? मावशीने मला धुलाईच्या टबात टाकले. मशीनच्या तेलाचा वास, आजोबांच्या पायांचा वास, मायलेकींच्या बाळपणाचा दुधाळ वास, सगळा त्या दिवशी मोरीतून वाहून गेला. मग मला खळ लावली, कडक इस्त्री केली आणि सुताराला बोलावून चौकटीत बसवले. भिंतीवर मोठ्या अक्षरांत 'आमची घरे' असे लिहिले. कोणाची टोपी होती, कोणाचा लाकडी डाव, कोणाचे मातीचे भांडे. त्या सगळ्यांच्या मधोमध मी.

पाटी ताईने स्वतः लिहिली, वळणदार अक्षरात. तिच्यावर अजूनही असे आहे: 'पारंपरिक दुलई. या समाजात हिरवा रंग शेताचे, तपकिरी रंग मातीचे आणि पिवळा पट्टा सूर्याचे प्रतीक मानला जातो.' हे तिने कुठल्याशा पुस्तकात कुठल्याशा दुलईबद्दल वाचले होते. आजोबांना विचारावे असे तिच्या मनातही आले नाही. वकिलाचा कोट शेत झाला, बँडवाला मातीत गेला, आणि जाकीट न नेणारा तो गृहस्थ चक्क सूर्य होऊन बसला. हसा, मित्रांनो, मीही हसले होते. चपट्या कोपऱ्याबद्दल मात्र पाटीवर चकार शब्द नाही.

त्या दुपारी पडदे ओढले आणि मुंगीने गादीवर हात फिरवून मला शोधले. मग वर पाहिले. ताईने तिला जवळ घेऊन प्रेमाने सांगितले, "बघ, तुझी दुलई किती उंच आहे! आता सगळे तिला बघणार. पण हात नाही लावायचा हं, लांबून बघायचं." मुंगी लांबून बघत राहिली. पुढच्या दुपारी ती बुटकी खुर्ची ओढत आणून माझ्याखाली चढली आणि काचेवर तळहात मारू लागली, अगदी माझ्या चपट्या कोपऱ्यावर. मावशीने तिला खाली उतरवले आणि खुर्च्या भिंतीपासून दूर नेल्या. मुंगीची झोप गेली. झोपेबरोबर 'लाल दे' सुद्धा गेले. पुन्हा ती मण्यांवर मान टाकू लागली.

पाहुणे आले. छान कपड्यांतली, हळू बोलणारी माणसे होती. भिंतीसमोर ती बराच वेळ थांबली. ताईचा चेहरा आनंदाने फुलला होता. तिने मुंगीला पुढे केले आणि म्हणाली, "सांग बरं सगळ्यांना, घरी या दुलईचं काय करतात?"

मुंगीने माझ्याकडे पाहिले, पाहुण्यांकडे पाहिले. मग ती सगळ्यांच्या मधोमध जमिनीवर बसली, पाठ भिंतीला टेकली, पाय लांब केले आणि हलवू लागली. तोंडाने खट-खट, खट-खट. दोन्ही हात तिने माझ्याकडे वर केले होते, की द्या इकडे म्हणजे दाखवते. मित्रांनो, प्रश्न विचारला होता आणि उत्तर बरोबर होते. त्या खोलीत त्या दिवशी तेवढेच एक उत्तर बरोबर होते.

पाहुण्यांना दिसली ती पाय झाडणारी मुलगी. ते संकोचून दुसरीकडे पाहू लागले. "हट्टी आहे थोडी," मोठ्या बाई हळूच म्हणाल्या, "अजून रुळली नाही." त्यांनी खूण केली तशी मावशीने मुंगीला उचलले आणि बाहेर नेले. मावशीच्या हातांतसुद्धा मुंगीचे पाय हलतच होते, त्याच तालात. ताईने ते पाय पाहिले. तिला ओळख पटली. मी समोरच होते, मला तिच्या चेहऱ्यावर दिसले की तिला सगळे कळले आहे. तिने बोलायला तोंड उघडले. तेवढ्यात एका पाहुण्याने विचारले की ही सुंदर पाटी तुम्हीच लिहिली का. ताई हो म्हणाली.

एवढ्या एका 'हो'वर मुंगीचा निकाल लागला. थोड्याच दिवसांत आजोबांना बोलावणे आले. मोठ्या बाईंनी त्यांना माझ्याखालीच बसवले, बुटक्या खुर्चीवर, आणि गोड आवाजात सांगितले की मुलगी हुशार असेल, पण अजून तयार नाही. झोपत नाही, बोलत नाही, हट्ट करते. तिला सध्या घरी ठेवा, पुढे पाहू. पुढे म्हणजे काय ते आजोबांना समजले. वय वाढले की बालवाडी घेत नाही, आणि बालवाडीवाचून मोठी शाळा घेत नाही. त्यांनी वाद घातला नाही. वाद घालण्याएवढी भाषाच त्यांच्यापाशी नव्हती. ते एवढेच म्हणाले की मग दुलई द्या.

मोठ्या बाई अवघडल्या. पाहुण्यांनी भिंतीची फार तारीफ केली होती, दुसऱ्या बालवाड्यांतली माणसे ती पाहायला येणार होती. मधलीच वस्तू काढली तर भिंत बोडकी दिसेल. थोडे दिवस राहू द्या, सुतार आला की काढून देऊ, असे त्या म्हणाल्या. ताई खाली मान घालून उभी होती. तिला काहीतरी चांगले बोलायचे होते. "बाबा," ती म्हणाली, "हा तुमच्या घराचा मानच आहे."

आजोबा तिच्याकडे वळले. "मानासाठी नव्हती आणली, ताई," ते म्हणाले. "पोरीला झोप येईना म्हणून आणली होती."

मग त्यांनी पाटीकडे बोट दाखवून विचारले की यावर काय लिहिले आहे. तिथली लिपी त्यांना येत नव्हती. ताईने वाचून दाखवले, शेत, माती, सूर्य. वाचताना तिचा आवाज बारीक होत गेला. आजोबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले. "हिरवा तुकडा वकिलाचा आहे," ते म्हणाले, आणि उठले. जाताना त्यांनी काचेवर हात ठेवला. शिंप्याचा हात तो, कापड कुठे भरले आहे आणि कुठे नाही हे त्याला काचेवरूनही समजत होते. माझ्या चपट्या कोपऱ्यापाशीच तो थांबला. काचेमुळे मला ऊब लागली नाही.

त्यानंतर ते काही वेळा दारापर्यंत आले आणि सुतार आला का म्हणून विचारून गेले. सुतार तर येऊन गेला होता. त्याने दारे नीट केली, फळ्या ठोकल्या. त्याला माझे कोणी सांगितलेच नाही. पुढे आजोबा यायचे थांबले. का थांबले ते मला ठाऊक नाही, आणि जे मनात येते ते तुम्हाला सांगणार नाही.

ताईचे मात्र चांगले झाले. भिंतीचे नाव झाले, तिचेही झाले. आता ती इतर ताईंना शिकवायला जाते, मुलांच्या घराचा आदर कसा करावा हेच शिकवते. माझा फोटो सोबत नेते. लोक टाळ्या वाजवत असतील. तिला त्या वेळी ते हलणारे पाय आठवतात की नाही, एवढेच एकदा विचारायचे आहे. काच आड येते.

मुंगी मला एकदा दिसली, या समोरच्या खिडकीतून. मोठी शाळा सुटली होती, तिच्याबरोबरची मुले दप्तरे उडवत बाहेर येत होती. त्यांच्यामधून ती आईच्या मागे चालली होती, डोक्यावर इस्त्रीच्या चादरींचा गठ्ठा घेऊन. उंच झाली होती. मुलांना वाट देण्यासाठी ती कडेला थांबली. तिने बालवाडीकडे मान वळवली नाही. मी इतकी वर्षे भिंतीवर आहे, पण उतरून धावत जावेसे फक्त तेव्हाच वाटले.

आता माझा हिरवा तुकडा उन्हाने पांढुरका झाला आहे. दुपारी खाली गाद्यांची रांग लागते, अजूनही निळी. त्यात कोणीतरी एक जागे असतेच. कोणाला केसांत हात लागतो, कोणाला भावाच्या पाठीला पाठ लावल्याशिवाय झोप येत नाही, कोणाला घरातल्या बायकांची कुजबुज ऐकू यावी लागते. ते मूल वर माझ्याकडे बघते आणि मी त्याच्याकडे. मी झोप द्यायला शिवलेली आहे, हाताच्या अंतरावर टांगलेली आहे, आणि काही करू शकत नाही.

म्हणून मित्रांनो, तुमच्यापाशी मागणे आहे. मोठ्यांना सांगून झाले, ते पाटी वाचून जातात. तुमच्या वर्गात कोणी नवे आले आणि तुम्हाला न कळणारे काही करू लागले, पाय हलवू लागले, तर हसू नका आणि टाळ्याही वाजवू नका. शेजारी बसा. तुमचेही पाय लांब करा. ताल चुकला तरी चालतो, मी पाहिले आहे.

आणि तुमच्यापैकी कोणाच्या घरी हातोडी असेल तर येताना घेऊन या. चारच खिळे आहेत. काच जपून काढा, हाताला लागेल. माझी काळजी करू नका, मला जमिनीवर टाका, पायांवर पसरा, कोणालाही झोपवा. फक्त चपटा कोपरा मुंगीच्या हाताचा आहे. ती आली तर तो तिला द्या.